पैसे काढायचे कसे? गुंतवणुकीचा इतिहास एका प्रश्नातून

गुंतवणुकीच्या इतिहासावरचे लेख सहसा बुडबुड्यांपासून, म्हणजे भाव भलताच फुगून फुटल्याच्या प्रकरणांपासून सुरू होतात. ट्यूलिपचे कंद, साउथ सी, १९२९. किस्से रंगतदार आहेत यात वाद नाही, पण ते वाचून यंत्रणा कळत नाही. माणसं हावरट तेव्हाही होती, आजही आहेत. बदलला तो व्यवहार: नोंद कुठे होते, तोटा कुणाच्या डोक्यावर बसतो आणि मुख्य म्हणजे घातलेला पैसा परत हवा झाला तर तो कुणाकडून, किती दिवसांत आणि किती कापून मिळतो. गेल्या आठशे-नऊशे वर्षांतली जवळपास प्रत्येक मोठी सुधारणा या शेवटच्या प्रश्नातून निघाली आहे, आणि बरीचशी संकटंही.

बाराव्या शतकात जेनोआ आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमध्ये कोमेंडा नावाचा करार चालायचा. एक जण घरी बसून पैसा द्यायचा, दुसरा माल घेऊन जहाजावर जायचा. सगळं भांडवल घरी बसलेल्याचं असेल तर नफ्याचे चारातले तीन हिस्से त्याचे, एक प्रवाशाचा. प्रवाशाने स्वतःचा एक तृतीयांश पैसा घातला असेल तर नफा निम्मा-निम्मा. जहाज बुडालं तर घरी बसलेल्याची तेवढी रक्कम गेली. त्यापुढे जाऊन प्रवाशाची देणी फेडायला घरी बसलेल्याच्या घरादाराला कुणी हात लावू शकत नसे. जोखमीला वरून झाकण घालायची ही कल्पना इतकी जुनी आहे. शहाणे व्यापारी सगळा पैसा एका जहाजात न घालता पाच-दहा करारांत विभागून ठेवत.

आणि पैसे परत? सफर संपली, माल विकला, हिशेब झाला की करार मिटला. मधल्या काळात घरात लग्न निघो नाहीतर दुकान बुडो, पैसा समुद्रावर तो समुद्रावर.

व्हेनिसच्या सरकारने याच्या अगदी उलट टोकाची वस्तू तयार केली. लढायांसाठी श्रीमंतांकडून सक्तीने कर्ज घेतलं जाई. १२६२ मध्ये ही सगळी जुनी कर्जं एकत्र बांधून त्यावर ५ टक्के व्याज ठरवलं गेलं, वर्षातून दोन हप्त्यांत. मुद्दल कधी फेडायचं ते मात्र सरकारच्या मर्जीवर. वरवर पाहता पैसा कायमचा अडकला. पण सरकारी वहीतलं नाव बदलून हा हक्क दुसऱ्याला विकता येत होता, आणि तेवढ्या एका सोयीवर बाजार उभा राहिला. सरकार पैसे देत नाही ना, मग शेजाऱ्याकडून घ्या! फक्त शेजारी जो भाव देईल तो. जेनोआशी झालेल्या चिओजाच्या युद्धात (१३७८ ते १३८१) व्याज थांबलं, तेव्हा शंभराच्या दर्शनी किमतीचा (म्हणजे वहीत शंभर लिहिलेला) हक्क विसाच्या आसपास विकला जात होता. दुय्यम बाजार म्हणजे नेमकं काय ते इथे दिसतं. विकता येईल याची बऱ्यापैकी खात्री असते. भावाची मुळीच नसते.

दुसरा जुना प्रकार म्हणजे तहहयात वर्षासन. एकरकमी पैसे द्यायचे आणि ठरलेली व्यक्ती जिवंत असेपर्यंत दरवर्षी रक्कम घ्यायची. चर्चची व्याजबंदी यामुळे चुकवता येई, कारण कागदोपत्री हे कर्ज नव्हतंच, उत्पन्नाची विक्री होती. हॉलंडमध्ये योहान डी विट या राज्यकर्त्याने १६७१ मध्येच आयुर्मानाचा हिशेब मांडून वर्षासनाची किंमत कशी काढावी हे दाखवलं होतं. ब्रेस्लाऊ शहराच्या मृत्यूनोंदींवरून खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने १६९३ मध्ये आयुर्मानाचं कोष्टक तयार केलं. इतकं होऊनही सरकारं वयाकडे ढुंकून न बघता एकाच दराने वर्षासनं विकत राहिली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स एका जिवावर साधारण १० टक्के देत होता, मग तो जीव साठीचा असो वा सहा वर्षांचा. जिनिव्हाच्या सावकारांनी कागद-पेन्सिल घेतली. साठीचा माणूस बारा वर्षं जगला तर शंभराचे एकशेवीस होतात. देवी येऊन गेलेली, खात्यापित्या घरातली सात वर्षांची मुलगी साठ वर्षं सहज जगेल आणि शंभराचे सहाशे होतील. त्यांनी अशा तीस मुली निवडल्या, त्यांच्या नावावर वर्षासनं घेतली आणि त्या एकत्रित उत्पन्नातले हिस्से लोकांना विकले. एक मुलगी दगावली तर उत्पन्न तिसाव्या हिश्शानेच घटणार. मुलींच्या तब्येतीची काळजी अख्खं शहर घेत असे, कारण अख्ख्या शहराचे पैसे त्यात होते.

मुलींनी कुणाचा घात केला नाही. घात झाला तो पैसे देणाऱ्याकडून. क्रांतीनंतर फ्रेंच सरकार झपाट्याने किंमत गमावणाऱ्या कागदी चलनात रक्कम देऊ लागलं, आणि १७९७ मध्ये सरकारी कर्जाचा दोन तृतीयांश भाग असाच जवळपास निरुपयोगी कागद देऊन मिटवून टाकला. जिनिव्हातल्या अनेक पेढ्या बसल्या. मृत्यूदराचा हिशेब अचूक आणि देणेकऱ्याचा हिशेब शून्य, ही चूक आजही बिनचूकपणे होत असते. एखाद्या बाँडवर (कर्जरोख्यावर) बाजारापेक्षा चार टक्के जास्त मिळत असतील तर ते चार टक्के कशाचे, एवढं तरी विचारून घ्यावं.

आता ॲमस्टरडॅम. १६०२ च्या आधी डच व्यापारी प्रत्येक सफरीसाठी वेगळी कंपनी काढत आणि जहाजं परतली की ती गुंडाळत. पूर्वेशी व्यापार करायचा तर वखारी, किल्ले, तोफा लागतात. सफर संपली म्हणून किल्ला विकून पैसे वाटता येत नाहीत. म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीला २१ वर्षांची सनद मिळाली आणि दहा वर्षांनी हिशेब करून ज्याला हवं त्याला पैसे परत, असं ठरलं. ऑगस्ट १६०२ मध्ये ॲमस्टरडॅमची वर्गणी एका संचालकाच्या घरात वही उघडून गोळा केली गेली. कमीत कमी किती घालावे याची अट नव्हती. ११४३ जणांनी मिळून ३६,७९,९१५ गिल्डर लिहिले. त्यात त्या घरची मोलकरीणही होती, १०० गिल्डरची. सगळ्या शहरांची बेरीज ६४,२४,५८८. पैसे एकदम द्यायचे नव्हते, पुढच्या काही वर्षांत हप्त्याहप्त्याने.

या कंपनीच्या शेअरला आजच्या अर्थाने प्रमाणपत्र नव्हतं. शेअर म्हणजे कंपनीच्या खतावणीतलं एक पान. विकायचा तर विकणारा आणि घेणारा दोघांनी कंपनीच्या कचेरीत जायचं, हिशेबनीस एकाच्या नावे टाकणार आणि दुसऱ्याच्या खाती जमा करणार, दोन संचालक सही करणार, झाली बदली. ही तरतूद वर्गणीच्या वहीच्या पहिल्याच पानावर होती. पुढे १६१२ आला, दहा वर्षांचा हिशेब करायची वेळ आली आणि संचालकांनी तो करायचं टाळलं. भांडवल कंपनीतच राहिलं. कंपनीकडून पैसे परत मिळायची वाट बंद झाली ती कायमची, आणि ज्याला बाहेर पडायचं त्याच्यापुढे बाजार हा एकच मार्ग उरला. आजचा प्रत्येक शेअर याच मेखेवर टांगलेला आहे. कंपनी तुमचे पैसे परत करत नाही, ती करणारही नाही, तुमच्या जागी येणारा दुसरा माणूस शोधायचा असतो.

बाजार उभा राहताच लगेच त्याच्या खोड्याही उभ्या राहिल्या. खतावणीतली बदली वेळखाऊ, म्हणून लोक पुढच्या तारखेचे सौदे करू लागले आणि त्या तारखेला नुसता फरक देऊन-घेऊन मोकळे होऊ लागले. इसाक ल मेअर या नाराज माजी संचालकाच्या टोळीने १६०९ मध्ये हातात नसलेले शेअर पुढच्या तारखेला द्यायच्या बोलीवर विकायला सुरुवात केली. भाव पाडायचा, मग स्वस्तात घेऊन बोली पुरी करायची. कंपनीने तक्रार केली आणि १६१० मध्ये हातात नसलेले शेअर विकायला बंदी आली. व्यवहार काही थांबले नाहीत. फरक एवढाच पडला की असा सौदा मोडणाऱ्याला कोर्टात खेचता येईना, सगळं शब्दावर चालू लागलं. त्याच वर्षी पहिला लाभांश जाहीर झाला, दर्शनी किमतीच्या ७५ टक्के, पण रोख नाही. जायपत्री! शेअरधारकांनी तो माल उचलायचा आणि स्वतः विकायचा. एवढी जायपत्री एकदम बाजारात आली तर तिचा भाव काय होणार हे सांगायला नको. पुष्कळांनी ती उचललीच नाही, रोकड येईपर्यंत थांबले.

१७२० बद्दल इतकं लिहिलं गेलंय की दोनच ओळी. ब्रिटिश सरकारचं कर्ज अंगावर घेतलेल्या साउथ सी कंपनीचा शेअर जानेवारीत १२८ पौंडांच्या आसपास होता, उन्हाळ्यात हजाराजवळ गेला आणि वर्षअखेर जवळपास होता तिथे आला. मला त्यातला हप्त्यांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नवे शेअर थोडी रक्कम भरून मिळत, बाकीची पुढे भरायची. सगळ्यांचे हप्ते एकाच सुमारास आले, ते भरायला सगळ्यांनी एकाच वेळी शेअर विकायला काढले, आणि घेणारा कोण?

या राड्यातून ब्रिटिश सरकारी कर्जाची नीट घडी बसली. १७५१ च्या सुमारास निरनिराळी कर्जं एकत्र करून ३ टक्क्यांचे 'कॉन्सोल' आले. मुदत नाही, सरकारला वाटेल तेव्हा फेडणार. शेवटचे कॉन्सोल थेट २०१५ मध्ये फेडले गेले. यांचं गणित समजलं की बाँडचं अर्धं शास्त्र समजतं. दर्शनी १०० पौंडांवर वर्षाला ३ पौंड. बाजारभाव १०० असेल तर परतावा ३ टक्के. युद्धाची बातमी आली, भाव ६० झाला, तर नव्या घेणाऱ्याला ६० वर ३ पौंड, म्हणजे ५ टक्के. जुन्या माणसाचं व्याज एका पैनेही घटलेलं नाही, पण त्याला आज बाहेर पडायचं तर ४० पौंडांवर पाणी सोडावं लागेल. व्याजदर वाढले की बाँड का पडतात, हे विचारणाऱ्याला मी हेच उदाहरण देतो. मुदत जितकी लांब तितका हा हेलकावा मोठा, आणि कॉन्सोलची मुदत अनंत.

छोट्या माणसाने जोखीम विभागायची कशी, याचं पहिलं चांगलं उत्तर १७७४ मध्ये ॲमस्टरडॅमलाच सापडलं. १७७२-७३ च्या पतसंकटात बऱ्याच लोकांचे हात पोळले होते. आब्राहम फान केटविख या दलालाने ५०० गिल्डरचे २००० हिस्से विकायला काढले आणि त्या पैशातून निरनिराळ्या देशांच्या, बँकांच्या आणि वसाहतींतल्या मळ्यांच्या कर्जांचे रोखे घेतले. योजनेचं नाव 'एकीत बळ' या अर्थाचं. रोखे तीन वेगवेगळ्या कुलपांच्या लोखंडी पेटीत ठेवायचे, असं माहितीपत्रकातच लिहिलेलं होतं. म्युच्युअल फंडाचा कस्टोडियन, म्हणजे रोखे सांभाळणारी संस्था, ती हीच पेटी. १७७९ मध्ये त्याने काढलेल्या दुसऱ्या योजनेच्या पत्रकात तर मूळ मूल्यापेक्षा स्वस्त मिळणारे रोखे घेण्याची भाषा आहे. तोच कित्ता लंडनमध्ये १८६८ साली गिरवला गेला. 'फॉरिन अँड कॉलोनियल'ने अनेक देशांच्या सरकारी बाँडांची टोपली करून १०० पौंडांचं प्रमाणपत्र ८५ ला विकलं. ती संस्था अजून चालू आहे.

एकोणिसाव्या शतकातली खरी मोठी गोष्ट रेल्वे म्हणतात, तार म्हणतात. मला विचाराल तर मर्यादित जबाबदारीचा कायदा: कंपनी बुडाली तर शेअरधारकाचा घातलेला पैसा जातो, त्यापुढे काही नाही. ब्रिटनमध्ये तो १८५५ मध्ये आला. तो नसताना काय होत असे ते सिटी ऑफ ग्लासगो बँकेने दाखवलं. ही बँक ऑक्टोबर १८७८ मध्ये बुडाली. कायदा होता, पण बँक जुन्या पद्धतीची, अमर्याद जबाबदारीची होती, आणि ठेवीदारांना तेच भरवशाचं वाटे. अवसायकांनी, म्हणजे बुडालेल्या बँकेची देणी मिटवणाऱ्यांनी, शेअरधारकांना पहिली मागणी लावली: प्रत्येक १०० पौंडांच्या शेअरमागे ५०० पौंड भरा. निम्म्याहून अधिक लोक तिथेच खलास झाले. मग जे उरले त्यांच्यावर दुसरी मागणी, १०० मागे २२५० पौंड. दुसऱ्याच्या वतीने विश्वस्त म्हणून ज्यांच्या नावावर शेअर होते त्यांनाही स्वतःच्या खिशातून भरावं लागलं. १८१९ शेअरधारकांपैकी सुमारे अडीचशेच दिवाळखोरीतून वाचले. दुसरी मागणी पहिलीपेक्षा मोठी का? कारण ज्यांच्याकडे काही शिल्लक होतं त्यांच्याकडूनच सगळ्यांचा वाटा वसूल करायचा होता. अशा कंपनीत अनोळखी माणसाबरोबर भागीदार व्हायला कोण धजेल? शेजारचा शेअरधारक श्रीमंत आहे की कफल्लक, हे तपासत बसावं लागे. जबाबदारीला मर्यादा आल्यावर ही चौकशी निरर्थक झाली, आणि तेव्हाच शेअर हा कुणीही कुणालाही डोळे मिटून विकावा असा माल बनला. बँकांनीही १८७९ च्या कायद्यानंतर भराभर मर्यादित जबाबदारी स्वीकारली.

१९२९ च्या न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या पडझडीचा दोष दिला जातो तो सट्टेबाजीला. त्यामागची यांत्रिक बाजू साधी आहे. तेजीच्या काळात १० ते २० टक्के रोख भरून बाकी ब्रोकरच्या कर्जावर शेअर मिळत. १००० डॉलरच्या शेअरमध्ये स्वतःचे १०० असतील तर भाव १० टक्के पडताच तुमचं सगळं संपलं. त्याच्याही आधी ब्रोकरचा निरोप येणार: पैसे आणा, नाहीतर विकतो. तो विकतो, भाव आणखी पडतो, पुढच्या माणसाला निरोप जातो. २४ ऑक्टोबरला १ कोटी २९ लाख शेअरची उलाढाल झाली आणि भाव छापणारी टिकरपट्टी तासन् तास मागे पडली. म्हणजे लोक विकत होते ते कोणत्या भावाला, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. बड्या कंपन्यांच्या शेअरभावांवरून काढला जाणारा डाउ निर्देशांक ३८१.१७ वरून जुलै १९३२ पर्यंत ४१.२२ वर आला आणि जुनी पातळी परत गाठायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडला. पुढे अमेरिकेत १९३३ आणि १९३४ चे कायदे आले, कंपनीची माहिती उघड करणं सक्तीचं झालं, उधारीवर मर्यादा आली. १९७४ पासून निम्मे पैसे स्वतःचे भरावे लागतात. ५०० स्वतःचे, ५०० कर्जाचे आणि स्वतःचा हिस्सा २५ टक्क्यांखाली गेला की निरोप, असं धरलं तर १००० चा शेअर ६६७ च्या खाली गेल्यावर ब्रोकर फोन करतो. दहाच्या जागी तेहतीस टक्क्यांची घसरण पचवता येते, एवढाच काय तो फरक. साखळी तीच आहे.

या पडझडीत एक प्रयोग तगला. बोस्टनमध्ये मार्च १९२४ ला सुरू झालेला मॅसॅच्युसेट्स इन्व्हेस्टर्स ट्रस्ट. तोवरचे ट्रस्ट, म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करून गुंतवणाऱ्या संस्था, बंदिस्त होते: हिस्सा विकायचा तर बाजारात, मिळेल त्या भावाला. या नव्या ट्रस्टने सांगितलं की तुमचा हिस्सा आम्हीच परत घेऊ, त्या दिवशीच्या मालमत्तेच्या हिशेबाने. ओपन-एंड फंड म्हणतात तो हा. बंदिस्त ट्रस्टांनी कर्जं काढून शेअर घेतले होते आणि एकमेकांचे हिस्सेही भरून ठेवले होते, त्यामुळे ते दुप्पट वेगाने कोसळले. रोज पैसे परत द्यायची तयारी ठेवायची म्हटल्यावर आपोआप दोन बंधनं येतात: चटकन विकता येईल तेच घ्यायचं आणि कर्ज फार काढायचं नाही. फंडात विकायला कठीण माल भरला की मात्र हीच सोय अंगावर येते. पहिले बाहेर पडणारे चांगला माल विकून आलेले पैसे घेऊन जातात, मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला गाळ.

शेअर विकणं म्हणजे कागद हलवणं, हे १९६८ पर्यंत कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये एक सौदा पुरा व्हायचा तर विकणाऱ्या ब्रोकरच्या तिजोरीतून प्रमाणपत्र काढायचं, मागची सही तपासायची, पिशवीत घालून निरोप्याकरवी घेणाऱ्या ब्रोकरकडे पाठवायचं, तिथून ते कंपनीच्या नोंदणी प्रतिनिधीकडे, तिथे जुनं रद्द, नवीन नाव टाकून नवं प्रमाणपत्र. १९६५ मध्ये दिवसाला ६० लाखांच्या आसपास शेअर हलत, १९६८ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख. कारकून तेवढेच. कागद हरवू लागले, चोरीला जाऊ लागले, चुकीच्या ब्रोकरकडे पडून राहू लागले. नुसतं बॅकलॉग उपसायला जून ते डिसेंबर दर बुधवारी शेअर बाजार बंद ठेवावा लागला. तरी डिसेंबरमध्ये न पोचलेल्या मालाची किंमत ४ अब्ज डॉलरवर गेली होती. तेजीत, भरपूर धंदा असताना ब्रोकर पेढ्या बुडाल्या, त्या यामुळे.

उपाय म्हणून १९७३ मध्ये मध्यवर्ती डिपॉझिटरी आली. प्रमाणपत्रं एका तिजोरीत, सगळी एकाच नाममात्र मालकाच्या नावे, आणि खरेदी-विक्री म्हणजे फक्त खात्यातली जमा-नावे. म्हणजे फिरून ॲमस्टरडॅमचीच खतावणी! फरक असा की तेव्हा कंपनीच्या वहीत तुमचं नाव असे. अमेरिकी पद्धतीत आता तिथे डिपॉझिटरीच्या नाममात्र मालकाचं असतं, तुमचं नाव ब्रोकरच्या वहीत. मतदानाचे कागद आणि लाभांश या साखळीतून खाली झिरपत येतात.

आता दलालीकडे. १७ मे १७९२ ला न्यूयॉर्कच्या २४ दलालांनी करार केला की पाव टक्क्याहून कमी दलाली कुणी घ्यायची नाही. किमान दलाली ठरवून घ्यायची ही प्रथा १ मे १९७५ पर्यंत टिकली. १८३ वर्षं! याशिवाय भाव डॉलरच्या अष्टमांशात बोलले जात. म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात किमान साडेबारा सेंटचं अंतर, १०० शेअरमागे साडेबारा डॉलर, कुठल्याही पावतीवर न दिसणारे. हे अंतर १९९७ मध्ये निम्मं झालं आणि २००१ मध्ये एका सेंटवर आलं. फंडांचा प्रवेश आकार साडेआठ टक्क्यांपर्यंत असे. १०० दिले की ९१.५० गुंतणार, आणि नुसतं मूळ शंभरावर यायला फंडाने ९.३ टक्के कमवायला हवेत.

इतकी वर्षं लोक शेअर घेत होते, पण सगळ्या शेअर बाजाराने मिळून सरासरी किती दिलं, हा आकडा कुणाकडेच नव्हता. शिकागो विद्यापीठात १९६० पासून न्यूयॉर्कच्या बाजारातले १९२६ पासूनचे भाव, लाभांश, विभाजनं सगळं संगणकावर चढवलं गेलं आणि १९६४ मध्ये उत्तर आलं: १९२६ ते १९६० दरम्यान लाभांश पुन्हा गुंतवत गेल्यास वर्षाला सुमारे ९ टक्के. आता प्रत्येक फंड व्यवस्थापकाला मोजायला पट्टी मिळाली, आणि बहुतेक जण तिला पुरे पडेनात. अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झने १९५२ मध्ये मांडलेलं जोखमीचं गणित याच्या जोडीला होतंच.

मग सरासरीच विकत घेतली तर? १९७१ मध्ये वेल्स फार्गो बँकेने एका पेन्शन फंडासाठी ६० लाख डॉलर न्यूयॉर्कच्या बाजारातल्या सगळ्या शेअरमध्ये समसमान वाटले. कल्पना सुंदर, अंमलबजावणी भयंकर. भाव रोज बदलतात, त्यामुळे समसमान वाटा टिकवायला रोज वाढलेलं विकायचं, पडलेलं घ्यायचं, आणि दलाली तेव्हा ठरीव. म्हणून बाजारमूल्यानुसार वजन देण्याची पद्धत रूढ झाली. भाव वाढला की त्या शेअरचा वाटा आपोआप वाढतो, हात लावावा लागत नाही. इंडेक्स फंड, म्हणजे बाजाराचा निर्देशांक जसाच्या तसा धरणारा फंड, असा का भरतात याचं मूळ सिद्धांतापेक्षा या खर्चात जास्त आहे.

सर्वसामान्यांसाठीचा पहिला इंडेक्स फंड व्हॅनगार्ड या कंपनीने १९७६ मध्ये आणला. १५ कोटी डॉलर उभे करायचे होते, आले १ कोटी १३ लाख. एवढ्यात निर्देशांकातल्या पाचशे कंपन्यांचे शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांत शेअर घेता येईनात. विक्री करणाऱ्यांनी योजना गुंडाळा म्हणून सुचवलं. शेवटी सर्वांत मोठ्या २०० कंपन्या आणि बाकीच्यांतून नमुन्यादाखल ८० असे २८० शेअर घेऊन काम भागवलं. पुढल्या वर्षी त्यांनी प्रवेश आकारच काढून टाकला. खर्चाचा परिणाम आकड्यांत पाहा. वर्षाला ७ टक्क्यांनी ३० वर्षांत १०० चे ७६१ होतात. दरवर्षी १ टक्का खर्च गेला तर ५७४. दोन टक्के गेला तर ४३२. एक टक्का म्हणजे शेवटच्या रकमेचा चौथा हिस्सा.

जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेत आलेल्या ईटीएफने, म्हणजे शेअरसारखाच बाजारात विकता येणाऱ्या फंडाने, ओपन-एंड फंडाचा गाळाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तुम्ही युनिट (फंडातला तुमचा हिस्सा) विकता ते बाजारात, दुसऱ्या माणसाला. फंडाला तोशीस नाही. भाव मालमत्तेच्या मूल्याजवळ ठेवायचं काम मोठ्या दलालांकडे. युनिट महाग झालं तर ते शेअरची टोपली विकत घेतात, फंडाला देतात, बदल्यात ५०,००० वगैरे युनिटांचा गठ्ठा घेऊन बाजारात विकतात. स्वस्त झालं तर उलट. टोपलीतला माल सहज मिळत असेल तर हे चक्र बिनबोभाट चालतं. मिळत नसेल तर अडतं. मार्च २०२० मध्ये काही मोठे बाँड ईटीएफ त्यांच्या जाहीर मूल्यापेक्षा सुमारे ५ टक्के खाली विकले जात होते. अनेकांना वाटलं ईटीएफ बिघडला. खरं तर बाँडांचे सौदेच होत नव्हते, जाहीर मूल्य शिळं होतं आणि ईटीएफचा भाव ताजा. म्हणून कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये बाजारभावाने ऑर्डर टाकू नये, भावाची मर्यादा घालूनच टाकावी, आणि बाजार उघडल्यावरची पहिली काही मिनिटं सोडावीत. टोपलीचे भावच तेव्हा स्थिर झालेले नसतात.

सौदा झाल्यापासून पैसे हातात यायला लागणारे दिवसही घटत गेले. अमेरिकेत १९९५ मध्ये पाचाचे तीन, २०१७ मध्ये दोन आणि २८ मे २०२४ पासून एक. मधल्या दिवसांत दुसरी बाजू बुडाली तर काय, यासाठी क्लिअरिंग संस्था (सौदे पुरे करून देणारी) ब्रोकरकडून अनामत घेते. शेअर जितका चंचल तितकी अनामत जास्त. २८ जानेवारी २०२१ ला गेमस्टॉप या कंपनीच्या शेअरच्या धुमाकुळात एका ॲपवाल्या ब्रोकरकडे पहाटे सुमारे ३ अब्ज डॉलरची मागणी आली. त्याने त्या शेअरची खरेदी बंद केली, विक्री चालू ठेवली. लोकांना त्यात कटाचा वास आला. पण अशा ॲपवर दलाली शून्य झाली म्हणून सेटलमेंटची, म्हणजे सौदा पुरा होण्याची, जोखीम शून्य झालेली नसते, आणि ती कुणाच्या तरी रोकडीवर उभी असते. तशी शून्य दलालीही फुकट नाही. तुमची ऑर्डर ज्या मोठ्या व्यापाऱ्याकडे वळवली जाते, तो ब्रोकरला त्याचे पैसे देतो.

आणि आता वारं उलट फिरलंय. खासगी कर्जं, इमारती, बाजारात नोंद नसलेल्या कंपन्या यांत पैसा घालणारे अर्धबंद फंड सर्वसामान्यांना विकले जात आहेत. त्यांत बहुधा अट असते की एका तिमाहीत फंडाच्या एकूण मूल्याच्या ५ टक्क्यांपर्यंतच पैसे परत मिळतील. एरवी ही अट जाणवतही नाही. पण एखाद्या तिमाहीत १२ टक्क्यांची मागणी आली तर प्रत्येकाला मागितलेल्याच्या बाराव्या भागाच्या पाचपट, म्हणजे १०० मागितले तर ४१-४२ मिळतात. उरलेल्यासाठी पुढच्या तिमाहीत नव्याने अर्ज करावा लागतो, जुना आपोआप पुढे सरकेलच असं नाही. हे ओळखून लोक मुळातच गरजेपेक्षा जास्त मागतात, त्यामुळे रांग आणखी वाढते. अशा फंडाचं माहितीपत्रक हातात आलं की परताव्याचा आलेख नंतर बघावा. आधी तीन कलमं शोधावीत: मर्यादा तिमाहीची आहे की महिन्याची, पैसे परत देणं पूर्ण थांबवायचा अधिकार संचालकांना आहे का, आणि ज्या मूल्याने पैसे परत देणार ते मूल्य ठरवतं कोण.